सूर्य होता की देवरावजींचा ट्रॅक्टर

विलास गेल्याचा फोन आला तेव्हा मी सौंसरच्या आमच्या वीज कार्यालयात एका शेतकऱ्याला त्याच्या पंपाच्या जोडणीचं समजावून सांगत होतो. फोन विलासच्याच मोबाईलवरून होता, म्हणून मी नेहमीसारखं म्हटलं, "बोल बे, काय करून राहिला?" पलीकडे शोभावहिनी होत्या. त्या म्हणाल्या, "भाऊजी, हे गेले." मी विचारलं, कुठं गेले... हा प्रश्न मी खरोखर विचारला. समोरचा शेतकरी माझ्या तोंडाकडे पाहत होता आणि मला काही केल्या समजत नव्हतं की वहिनी एवढ्या हळू का बोलत आहेत. सकाळी शाळेत जायला निघताना त्याच्या छातीत दुखलं. पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी नागपूरला न्या म्हटलं. गाडी नागपूरला पोचायच्या आधीच विलास संपला होता.

त्याला आता काही आठवडे झाले. विलास काही मोठा माणूस नव्हता. पांढुर्ण्यातल्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवायचा, तिथल्याच वस्तीत त्याचं चार खोल्यांचं घर होतं, घरात बायको आणि एक मुलगी. त्याचा सत्कार वगैरे कधी झाला नाही. पण तो माझा अकरावीपासूनचा मित्र होता, आणि जाताना तो मला असा एक घोळ देऊन गेला की दुःख करायचं सोडून मी त्या घोळातच फिरत राहिलो. हे लिहिताना तो सुटेल असं वाटलं होतं. बघू.

आम्ही दोघं आपापल्या घरातले पहिले ग्रॅज्युएट. माझे वडील लोधीखेड्याजवळ दुसऱ्यांच्या संत्र्याच्या बगीच्यात कामाला होते, त्याची आई कापूस वेचायला जायची. छिंदवाड्याच्या कॉलेजात आम्ही एकाच बाकावर बसून बी.एस्सी. केलं. मध्य प्रदेश, म्हणून पुस्तकं हिंदीत, शिकवणं हिंदीत, आणि समजून घेणं आपल्या बोलीत. खोलीवर आल्यावर विलास सगळा धडा पुन्हा आपल्या भाषेत लावायचा, "म्हंजे असं होय का" म्हणत. मला गुण जास्त मिळायचे, समजायचं त्याला जास्त. निकाल लागला त्या वर्षी त्याने घराच्या दारावर स्वतःच्या नावाखाली 'बी.एस्सी. भौतिकी' असं रंगवून घेतलं. मी चिडवलं की पोस्टमनला पदवी लागत नाही. तो म्हणाला, "पोस्टमनसाठी नाही बे. माह्या मायसाठी आहे. तिले वाचता येत नाही, पण येणाऱ्या-जाणाऱ्याले ती विचारते, काय लिवलं आहे म्हणून." या गोष्टीचं मला हसू येत नाही. आमच्या घरात पुस्तक नव्हतं आणि आम्ही पृथ्वीच्या चुंबकत्वाविषयी बोलत होतो, याचा अभिमान आम्हाला होता आणि मला आजही आहे.

सूर्याचं वेड त्याला उशिरा लागलं, आणि लागलं ते रागातून. दोन-तीन वर्षांपूर्वी टीव्हीच्या हिंदी चॅनेलवर रोज सौर तुफानाच्या बातम्या यायच्या. धरती जळणार, मोबाईल बंद पडणार, विमानं पडणार. त्याच्या वर्गातल्या एका मुलीच्या आईने येऊन विचारलं, सर, उद्या पोरीला शाळेत पाठवू की नको, सूर्यातून काहीतरी येऊन राहिलं म्हणते. विलास संतापून मला फोनवर म्हणाला की ग्रहणाची भीती घालवायला आपल्या लोकांना इतकी वर्षं लागली आणि आता हे नवीन ग्रहण टीव्हीवाल्यांनी आणलं. त्या रविवारपासून वंदना झाल्यावर विहारात तो अर्धा तास सूर्यावर बोलायला लागला. मी दोन-तीनदा गेलो. लोक ऐकायचे, कारण तो गावच्याच गोष्टीतून सांगायचा. पांढुर्णा आणि सावरगाव, मधून जाम नदी, आणि पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दोन्ही काठांवरून होणारी दगडफेकीची गोटमार, हे इथल्या पोरालाही ठाऊक. विलास म्हणायचा, "सूर्य म्हंजे सावरगाव समजा, आपण पांढुर्णा. तिकडून गोटा सुटला की आधी आरोळी ऐकू येते, मंग गोटा येते. सूर्यावर स्फोट झाला की त्याचा उजेड म्हंजे आरोळी, ती आठ मिनिटांत पोचते. गोट्याले दोन-तीन दिवस लागते."

एका म्हाताऱ्या बाईंनी विचारलं, गोटा आपल्याकडं आलाच नाही तर? तो म्हणाला, मग वाया गेला, सूर्य काही आपल्यालाच धरून मारत नाही, तो चहूकडे फेकतो, बहुतेक गोटे आपल्याला लागतच नाहीत. मग तो सांगायचा की हा गोटा दगडाचा नाही. तो तापलेल्या, विजेने भारलेल्या वायूचा ढग असतो, पृथ्वीपेक्षा कितीतरी मोठा, आणि सूर्याचं चुंबकत्व तो सोबत घेऊन निघतो. पृथ्वीभोवती तिचं स्वतःचं चुंबकत्व आहे, ती तिची ढाल. ढगातलं चुंबकत्व ढालीच्याच दिशेचं असेल तर ढग बाजूने घसरून जातो. उलट्या दिशेचं, म्हणजे दक्षिणेकडे तोंड करून असेल, तर दोन्ही एकमेकांत गुंततात आणि ढालीला दार पडतं. त्या दारातून सूर्याची ताकद आत येते. पृथ्वीच्या खूप वर, कमरपट्ट्यासारखा विजेचा प्रवाह फिरायला लागतो, आणि त्या प्रवाहाने खाली जमिनीवरची होकायंत्राची सुईसुद्धा थोडी थरथरते. यालाच भूचुंबकीय वादळ म्हणायचं. यात पाऊस नाही, वारा नाही, पत्रे उडत नाहीत. दूर उत्तरेच्या देशांत आकाश हिरवं-लाल होतं, आणि तिथल्या लांबच लांब वीजवाहिन्यांमध्ये कोणीही न सोडलेला प्रवाह वाहायला लागतो, ट्रान्सफॉर्मर तापतात. मी वीज खात्याचा, म्हणून सगळे माझ्याकडे पाहायला लागले. मी उठून सांगितलं की आमच्याकडे वानर तारेवर चढलं तरी लाईन जाते, सूर्याची वाट पाहायची गरज नाही. विहार हसला, पण मागून कोणीतरी विचारलं की ढगाचं तोंड कोणत्या दिशेला आहे हे आधी कळतं का. विलास गंभीर झाला. म्हणाला, "नाही कळत. अगदी जवळ आल्यावर, तासभर आधी कळते. तोवर शास्त्रज्ञबी बसून राहते, आपल्यावानीच."

मला वाटतं त्याला हेच आवडलं होतं. एवढा अभ्यास, एवढे उपग्रह, आणि तरी तासभर आधीपर्यंत सगळे दारात बसलेले. तेव्हा मी त्याला हे विचारलं नाही, आता विचारायला तो नाही.

मग बरणी आली. मागच्या खोलीत त्याने काचेच्या लोणच्याच्या बरणीत दोऱ्याने एक छोटा पट्टीचुंबक टांगला, चुंबकाला पावडरच्या डबीतल्या आरशाचा तुकडा चिकटवला, आणि एका कोपऱ्यातून लाल लेझरची बत्ती त्या आरशावर सोडली. आरशातून उडालेला ठिपका समोरच्या भिंतीवर पडायचा. चुंबक केसाएवढा फिरला तरी ठिपका भिंतीवर दिसेल एवढा सरकायचा. दोरा सुती होता. पांढुर्ण्याचा कापूस आणि इथलंच सूत, याचं त्याला कौतुक. एका दमट सकाळी ठिपका भिंत ओलांडून दारावर गेला. विलासने मला फोन केला, "आलं गड्या, वादळ आलं." मी मोबाईलवर पाहिलं तर सूर्य गपगार. ओल्या हवेने सुताला पीळ भरला होता. त्याने ही फजिती वर्गात सांगितली, विहारात सांगितली, किराणा दुकानातही सांगितली, आणि सुताऐवजी वहिनींच्या सिल्कच्या साडीचा एक धागा ओढून लावला. वहिनी मला म्हणाल्या, "भाऊजी, सूर्यानं माह्या साडीले नजर लावली." ही फजिती मी मुद्दाम सांगतो आहे, कारण चूक झाली की गावभर सांगणारा माणूस होता तो. मला पुढचं समजत नाही ते याच्यामुळेच.

त्या वर्षीच्या ऑक्टोबरात, दसऱ्याच्या आधी, सूर्यावर मोठा स्फोट झाल्याची बातमी आली आणि ढग आपल्याच दिशेने निघाल्याचं शास्त्रज्ञांनी सांगितलं. आमच्याकडे दीक्षाभूमीला जायची तयारी चालू होती, गावात नवरात्राचे मंडप पडले होते. विलासने वस्तीतल्या लोकांना संध्याकाळी घरी बोलावलं. मी सौंसरहून गेलो. मागच्या खोलीत मावतील तेवढी माणसं, बाकीची दारात. मोबाईलच्या स्पीकरमध्ये चुंबक असतो म्हणून त्याने सगळ्यांचे मोबाईल बाहेर ओसरीवर एका सुपात ठेवायला लावले. विळा नको, चाव्या नकोत, एका काकांना त्याने पट्टासुद्धा काढायला लावला, त्यावर पुष्कळ विनोद झाले. वहिनींनी चहा केला. ठिपका भिंतीवर होता तिथेच होता. पोरं कंटाळली. एक बाई म्हणाल्या, सर, तुमचा सूर्य पाहुण्यावानी आहे, येतो म्हणते न् येत नाही.

पलीकडच्या मंडपात आरती सुरू झाली आणि ठिपका हलला. आधी थरथरला, मग हळूहळू सरकत साधारण दोन बोटांवर जाऊन थांबला.  मग कोणीतरी म्हटलं, आलं... आणि टाळ्या झाल्या. विलासची मुलगी सलोनी तेव्हा बारावीत होती. ती भिंतीच्या अगदी जवळ उभी होती, ठिपक्याचा लाल उजेड तिच्या गालाच्या कडेला पडला होता. तिने हात लांब करून, स्पर्श न करता, त्या दोन बोटांचं अंतर हवेतच मोजलं. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात आलं की वादळ खरंच पोचलं होतं आणि लडाखच्या आकाशात लाल झाक दिसली होती.

त्या संध्याकाळी त्या घरात एक निर्णय झाला. सलोनीने नर्सिंग करावं असं वहिनींच्या मनात होतं, नोकरी लवकर लागते, मुलीला काही कमी पडत नाही. मलाही ते पटत होतं. सलोनीने सांगितलं की ती फिजिक्सच घेईल. वहिनींनी विलासकडे पाहिलं, विलास काही बोलला नाही, आणि पुढच्या जुलैत ती नागपूरच्या कॉलेजात गेली. कोणी विचारलं की पोरगी फिजिक्सच कशाला घेते, तर ती एकच सांगायची, मी माझ्या घरच्या भिंतीवर सूर्य पाहिला.

विलासच्या पुण्यानुमोदनाला, म्हणजे आमच्याकडच्या श्रद्धांजलीच्या कार्यक्रमाला, विहार भरून माणसं बाहेर उभी होती. वंदना झाली, मग लोक एकेक करून दोन शब्द बोलायला उठले. विद्यार्थी बोलले, शाळेतले लोक बोलले, मी बोललो, काय बोललो ते आठवत नाही. शेवटी देवरावजी उठले. देवरावजी विलासच्या घरामागचे, संत्र्याचे बागाईतदार, विलासपेक्षा वयाने बरेच मोठे, रोज संध्याकाळी दोघांची कुंपणावरून बातचीत चालायची. बोलायची सवय नसलेला माणूस माईक धरून बोलतो तसे ते बोलले, मोठ्याने. म्हणाले की सर लय चांगले होते, पण हट्टी होते. आणि मग हसत त्यांनी ती गोष्ट सांगितली. "त्या दिवशी मंडपानं रस्ता बंद होता, म्हणून म्या ट्रॅक्टर सरच्या मागच्या बोळीत उभा केला. इकडं सर म्हनते, सूर्यानं ठिपका हालवला. दुसऱ्या दिवशी म्या सांगतलं, सर, तो सूर्य नोहे, मायावाला ट्रॅक्टर होता. सर हासले."

विहारात लोक डोळे पुसत हसले. अशा वेळी हसू येतं ते बरंच वाटतं. मीही हसलो असतो. पण माझी नजर विलासच्या फोटोजवळ बसलेल्या सलोनीकडे गेली. ती हसत नव्हती. तिला हे माहीत नव्हतं. मलाही नव्हतं.

लोक निघून गेल्यावर तिने मला घराच्या ओसरीवर गाठलं. वीस वर्षांचीही नाही ती, पण त्या वेळी मला तिच्याशी बोलायची भीती वाटली. "काका," ती म्हणाली, "बाबाले दुसऱ्याच दिवशी माहीत झालं होतं. मंग मले काऊन नाही सांगतलं?" मी म्हटलं, विसरला असेल. ती म्हणाली, "सुताची गोष्ट किराणा दुकानात सांगतली त्याईनं. ही विसरले?"  मग ती जे म्हणाली त्यामुळे मी त्या दिवशी सौंसरला परत गेलो नाही. म्हणाली, "मी फिजिक्स घ्यावं म्हणून बाबा चूप राहिले असंल, तर ते खोटं होतं. खोट्यावर उभं राहून मी कॉलेजात जात नाही. मायचं बरोबर होतं. मी नर्सिंगचा फॉर्म भरते."

आता माझी गोष्ट अशी की मी भौतिकशास्त्राचा पदवीधर आहे आणि ते कोणालाही सांगायला मला संकोच वाटत नाही. मला वाटलं, यात काय, मी आत्ता निकाल लावतो. मोबाईलवर पृथ्वीचं चुंबकत्व मोजणाऱ्या वेधशाळेचा जुना आलेख उघडला, तो सगळ्यांना पाहता येतो. त्या संध्याकाळी रेघ एकदम उडी मारते आणि मग खाली खाली जाते, वादळाची खूण स्पष्ट. सलोनीला दाखवलं. तिने पाहिलं आणि म्हणाली, "वादळ आलं होतं हे मले माहीत आहे काका. मी विचारून राहिली, ठिपका कशानं हालला." मग मी वेळ लावायला गेलो. आलेखातली उडी आरतीच्या सुमाराची. देवरावजींना विचारलं, ट्रॅक्टर कधी उभा केला? म्हणाले, आरतीच्या टायमाले, म्हणूनच तर मंडपाकडून नाही आलो. मी हिशोब करून पाहिला, आपण विषुववृत्तापासून फार लांब नाही, वादळात आपल्याकडे सुई फारशी फिरत नाही, ठिपका बोटभर सरकावा, किंवा त्याहून कमी. पण दोन बोटं हे आम्ही नजरेने धरलेलं. बोटं कोणाची? आणि भिंत किती लांब होती, बत्ती तेव्हा याच कोपऱ्यात होती का... प्रत्येक उत्तराच्या पोटातून एक प्रश्न निघत होता आणि मला स्वतःच्या पदवीचा राग यायला लागला. विलास असता तर म्हणाला असता, म्हंजे असं होय का. पण कसं?

आणि त्याच्याखाली दुसरं एक दुखत होतं, ते सलोनीला मी सांगितलं नाही. मलाही त्याने सांगितलं नव्हतं. दर आठवड्याला आमचं फोनवर बोलणं व्हायचं. माझ्यापासून तो काही लपवत नाही असं मी समजून होतो.

दुसऱ्या दिवशी देवरावजी स्वतःच आले. त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की तुमच्या बोलण्याने पोरगी दुखावली. बिचारे दारातच उभे राहिले, आत येईनात. म्हणाले, "पोरी, माह्या तोंडाले लगाम नाही. पन एक गोष्ट सभेत नाही सांगतली. तुह्या बापानं पुढच्या रविवारी मले पुन्हा ट्रॅक्टर आनायले लावला. बोळीत उभा कर म्हने. मंग थोडा मागं घे, मंग पुढं घे. माहा डिझेल जळून राहिला न् ते आतमंदी भिंतीकडं पाहून राहिले." सलोनीने विचारलं, मग बाबा काय म्हणाले? देवरावजींनी आठवून पाहिलं. "काहीच नाही म्हनले. चहा पाजला." मग थांबून म्हणाले, "दोन कप पाजला."

म्हणजे विलासने स्वतः तपासलं होतं, आणि निकाल कोणालाही सांगितला नव्हता. मला वाटलं की याने गाठ सुटली. मग वाटलं की आणखीच बसली. तपासून ट्रॅक्टर निघाला असेल तर त्याने मुलीसाठी लपवलं. सूर्य निघाला असेल तर आनंदाने गावभर सांगितलं असतं. आणि काहीच ठरलं नसेल तर... तर माणूस काय सांगतो?

सलोनी म्हणाली, देवराव आजोबा, ट्रॅक्टर आणता का. देवरावजी लगेच गेले. बरणी अजून मागच्या खोलीत होती, वहिनींनी तिला हात लावला नव्हता. आम्ही बत्ती लावली, ठिपका भिंतीवर आला. भिंतीवर पेन्सिलीच्या बारीक खुणा पुष्कळ होत्या, विलासने वेळोवेळी केलेल्या. कोणती कोणत्या दिवसाची, हे त्याच्या डोक्यात असायचं, भिंतीवर नव्हतं. सलोनी भिंतीशी उभी राहिली, मी खिडकीत, निरोप पोचवायला. देवरावजींनी ट्रॅक्टर बोळीत आणून बंद केला. ठिपका डोलला आणि खिडकीच्या बाजूला सरकून थांबला. "हालला का?" बाहेरून देवरावजी. मी म्हटलं, हालला. सलोनी म्हणाली, "त्या दिवशी दाराकडं गेला होता. ट्रॅक्टर खिडकीकडं नेते. म्हंजे तो सूर्य होता." 

माझ्या आठवणीत ठिपका त्या दिवशी खिडकीकडे गेला होता. मी ते बोलू की नको या विचारात होतो, तेवढ्यात देवरावजी खिडकीशी येऊन म्हणाले, "पन त्या दिवशी ट्रॉली लागलेली होती. लोखंडी." ट्रॉली आणली. ट्रॉली लावून ट्रॅक्टर उभा केला तर ठिपका खिडकीकडून मागे फिरला, आपली मूळ जागा ओलांडून पुढे गेला आणि दाराच्या बाजूला जाऊन बसला.  देवरावजी म्हणाले, "आता हा कोन्या बाजूचा समजाचा?" मग मी माझी खिडकीवाली आठवण सांगून टाकली. सलोनी म्हणाली, काका, तुम्ही मागं उभे होते, तुमाले दिसलं नसंल. मी म्हटलं, मागे उभा होतो म्हणूनच पूर्ण भिंत दिसत होती. आवाज वाढले. दुखवट्याच्या घरात आम्ही दार की खिडकी यावरून भांडत होतो.

शोभावहिनी इतका वेळ दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या. सलोनीने त्यांना विचारलं, माय, तू सांग, कोन्या बाजूले गेला होता. वहिनी म्हणाल्या, "मी भिंतीकडं पाहिलंच नाही. मी तुह्या बाबाकडं पाहून राहिली होती."

सलोनीने विचारलं, "मंग बाबा कसे दिसत होते?"

वहिनी चौकट सोडून खोलीत आल्या.  "तुम्ही टाळ्या वाजवल्या ना, तवा ते नाही हासले," त्या म्हणाल्या. "बाजारात पोरगं हात सोडून देते न् मंग त्याले माय दिसत नाही... तसे दिसत होते. मले वाटलं तब्येत बिघडली का काय. रात्री जेवताना मी विचारलं, काय झालं. म्हणाले, मले समजून नाही राहिलं शोभा. मी म्हटलं, झोपा मंग."

 मी विलासचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि मला तो आठवेना. मी ठिपका पाहत होतो. सगळेच ठिपका पाहत होते. देवरावजी बोळीत जाऊन ट्रॅक्टरच्या चाकाला टेकून उभे राहिले.

सलोनी भिंतीसमोर खाली बसली. मग तिने माझ्याकडे न पाहता म्हटलं, "त्याईले नव्हतं माहीत." मी म्हटलं, नसावं. "म्हून नाही सांगतलं." मी पुन्हा तेच म्हटलं, नसावं. मला खरंच अजून माहीत नाही. एखादा माणूस मुलीला खोटं सांगत नाही आणि खरंही त्याच्याजवळ नसतं, तेव्हा तो जे करतो त्याला आपल्या भाषेत काय म्हणतात, हेही मला ठाऊक नाही. पण दोन दिवसांनी सलोनी नागपूरच्या गाडीत बसली. नर्सिंगचा विषय तिने काढला नाही, वहिनींनीही काढला नाही. स्टेशनवर तिने मला एवढंच सांगितलं की ट्रॅक्टर वेगळा आणि सूर्य वेगळा कसा काढायचा हे ती तिथल्या मॅडमना विचारणार आहे, आणि मॅडमना येत नसेल तर तिलाच पाहावं लागेल. मी म्हटलं, विचार. गाडी गेल्यावर मला आठवलं की मी तिला काहीतरी मोठ्या माणसासारखं बोलायला हवं होतं.

बरणी तिने नेली नाही. आईला सांगून गेली की रोज दिवेलागणीला बत्ती लावत जा आणि ठिपका कुठं आहे तिथं खूण करून बाजूला तारीख टाकत जा. वहिनी दहावीपर्यंत शिकलेल्या, त्यांना या सगळ्यात कधी रस नव्हता. पण त्या हे करतात. बाकी घरात विलासच्या कपड्यांचं, चपलांचं काय करायचं ते अजून ठरलेलं नाही, मागच्या खोलीचं मात्र ठरलं आहे. परवा संध्याकाळी त्यांचा फोन आला. आता तो नंबर पाहून मी 'बोल बे' म्हणत नाही.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "आज ठिपका दाराकडं सरकला. मागं ट्रॅक्टर नाही, पाऊस नाही, काहीच नाही. काय समजू?"

मी मोबाईलवर आलेख पाहिला. रेघ सरळ होती. दिवसभरात ठिपका थोडा इकडे-तिकडे होतच असतो, पण वहिनी म्हणत होत्या तेवढा नाही. मी जे होतं ते सांगितलं, "वहिनी, मले नाही समजून राहिलं."

मला वाटलं, त्या आता रडतील. 

"बरं," त्या म्हणाल्या. "मंग खूण करून ठेवते."